उजवीकडचं बटण

आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. त्यानंतर त्यांच्या डाव्या हाताला कसली म्हणून उसंत राहिली नाही. पलंगावर पडल्या पडल्या तो चादरीचे धागे ओढायचा, भिंतीचे पोपडे काढायचा, रिमोटवर चॅनेल फिरवत राहायचा. बातम्यांचं एक वाक्य कधी पुरं ऐकायला मिळालं नाही. आप्पांचं सगळं आयुष्य कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये मशीनवर उभं राहण्यात गेलेलं. सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना पडून राहणं जमेना.

मीही त्यांचीच मुलगी. इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर मीटर आणि सेन्सर दुरुस्त करते. घरी आल्यावर टेकायचं म्हटलं तरी पाय आपोआप गॅलरीकडे जातात. आई दोघांकडे बघून अहिराणीत वैतागायची. "बापलेक सारखाच शेतस. एक जागे बठता येस नही!"

एका शनिवारी जुन्या बाजारातून सुटे भाग घेऊन परतत होते, तेव्हा एका चादरीवर मला विटांचा गेम दिसला. हातात धरायचा, राखाडी पडद्याचा, वरून विटा पडतात आणि त्या ओळीत बसवायच्या, तोच. मी शाळेत होते तेव्हा आप्पांनी असाच एक गेम आणला होता. मिलमधली पाळी संपवून आले की ते आधी गेम मागायचे, मग पाणी. दोन्ही अंगठे असे चालायचे की आम्ही भावंडं खेळायचं सोडून त्यांचे हातच बघत बसायचो. मी तो गेम उचलला आणि रिक्षात बसल्या बसल्याच बोटांनी मापं घ्यायला लागले.

विचार सोपा होता. डावी-उजवीकडे सरकवायची बटणं डाव्या अंगठ्याखाली असतातच. वीट फिरवायचं मोठं बटण तेवढं उजवीकडे असतं. ते पाठीमागे, डाव्या तर्जनीखाली आणलं, की सगळा गेम एका हातात.

रविवारी सकाळी मी तो उघडला. आतल्या सर्किटच्या पट्टीवर बटणाखाली काळा कार्बन होता आणि त्याला सोल्डरचा डाग काही चिकटेना. मग ब्लेडने खरवडून खालचं तांबं उघडं केलं, केसासारखी बारीक तार लावली आणि एका मोडक्या माउसचं बटण काढून मागच्या बाजूला बसवलं. उजवीकडच्या भोकावर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून टाकला. चालू केला, तर पडद्याच्या मधल्या उभ्या रांगाच गायब. विटा बाजूला सरकवल्या की मध्येच अदृश्य व्हायच्या आणि पलीकडच्या कडेला पुन्हा दिसायच्या. काच आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची एक पातळ फीत असते. ती केसभर सरकली की असं होतं, हे मला माहीत होतं, पण माहीत असल्याने ती जागेवर बसत नव्हती. स्पिरिटने पुसली, दाबली, स्क्रू आवळले, पुन्हा सोडले. एक रांग यायची, दुसरी जायची. आठवडाभर कामावर असतानाही माझ्या डोक्यात त्या रांगाच होत्या. एकदा वरिष्ठांनी मीटरचं रीडिंग विचारलं, तर मी म्हणाले, "अजून डावीकडची येत नाहीये."

शेवटी फितीखाली कागदाची बारीक घडी सरकवली आणि सगळा पडदा एकदम भरला. मी खुर्चीवरून उठून खोलीभर फिरून आले.

आता पकड हवी होती. एका हाताने धरायचं, त्याच हाताने खेळायचं, तर गेम तळव्यात घट्ट बसायला हवा. मी इपॉक्सीची लांबी, म्हणजे पुट्टी, मळली, मागचं बटण सोडून गेमच्या पाठीवर थापली, वर प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि आप्पांचा डावा हात त्यावर दाबून धरला.

"सुकेपर्यंत हलवायचा नाही, आप्पा."

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"तुमच्या हाताचा साचा घेतेय."

त्यांनी प्रयत्न केला. मनापासून केला. ओठ आवळून, नजर पंख्यावर लावून ते बसले. पण करंगळी थरथरली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मनगट. मीही धरून बसले होते, माझाही पाय खाली सारखा हलत होता. लांबी सुकली तेव्हा साच्यात चार बोटांच्या जागी पाच-सहा बोटं उमटलेली दिसत होती. कानशीने घासून घासून मी त्यातली खरी चार वाचवली.

संध्याकाळी गेम त्यांच्या हातात दिला. सुरुवातीची ती टिंग-टिंग धून वाजली आणि आप्पांचा चेहरा क्षणभर सैल झाला. अंगठा चालला. तर्जनीने मागचं बटण शोधलं. वीट फिरली. एक ओळ पुरी झाली. मी आईकडे बघितलं, ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी होती.

मग आप्पांनी गेम मांडीवर ठेवला आणि मी चिकटवलेल्या तुकड्यावर डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"उजवं बटण कोठे शे?"

"ते मागे घेतलं ना. आता एका हातानेच होतं सगळं."

"मना उजवा हात मरी गया का?"

त्यांनी गेम पलंगावर फेकला आणि भिंतीकडे तोंड केलं. विटा पडत राहिल्या, रचल्या गेल्या आणि आपोआप गेम संपल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई आल्या. त्या सुरतच्याच, गुजराती. त्यांनी गेम उलटसुलट करून पाहिला, मला शाबासकी दिली आणि वर म्हणाल्या, "पण एमने जमणा हाथे पण रमवा दो ने." उजव्या हातानेही खेळू द्या. मी म्हटलं, बोटं उघडतच नाहीत, बटण दाबणार कसं? त्यांनी आप्पांचा उजवा हात खांद्यापासून उचलून दाखवला. खांदा थोडा हलत होता. मूठ मिटलेली, पण मूठ खाली पडू शकत होती.

त्या दिवशी कामावर माझं चित्त लागलं नाही. एवढ्या मेहनतीने त्यांच्यासाठी मी जे सोपं केलं होतं, ते त्यांना नकोच होतं. राग त्यांचा येत होता की माझा, कळत नव्हतं. सुट्टी झाल्यावर मी वाटेत अमरोलीत उतरले आणि विजेच्या दुकानातून दाराच्या घंटीचं बटण घेतलं. मोठं, पांढरं, तळव्याएवढं.

ते लाकडी फळीच्या उजव्या बाजूला बसवलं, डावीकडे गेमसाठी खाच केली आणि घंटीच्या बटणाची तार मागच्या बटणालाच जोडली. आता वीट तर्जनीने फिरायची आणि मूठ आदळूनही. फळी मांडीवर ठेवून आप्पा म्हणाले, "मांगलं बटण काढी टाक."

"राहू द्या. थकलात की लागेल."

"काढी टाक, माय." लेकीलाही ते माय म्हणतात.

मी काढलं नाही. पण त्यांनी त्याला बोट लावलंही नाही. उजवा खांदा उचलायचा, मूठ घंटीवर पाडायची, वीट एकदा फिरायची किंवा दोनदा, तोवर ती खाली पोचलेली. ते हरले. पुन्हा सुरू केला, पुन्हा हरले. कपाळावर घाम आला, तोंडातून मिलमधल्या शिव्या निघाल्या. आई म्हणाली, आवाज तरी बंद करा. त्यांनी आवाज बंद केला नाही.

आता कित्येक महिने झाले. बोटं अजून मिटलेलीच आहेत. त्या बाई म्हणतात खांद्यात जोर आलाय, मनगटाचं सांगता येत नाही. आप्पा रोज गॅलरीत फळी घेऊन बसतात आणि त्यांच्या मुठीचे धपके खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातात. ओळी होतात, पण थोड्याच. चांगला खेळ झाला तरी ते खूश होत नाहीत, लगेच पुढचा सुरू करतात.

परवा दुपारी मी कामावर असताना त्यांचा फोन आला. फोन ते क्वचितच करतात.

"माय, घंटीनं बटण तुटी गये. स्प्रिंग बाहेर ई गयी. कव्हय येस?"

"सुट्टी झाली की."

"जाडं लयजो. हाई कच्चं व्हतं."

सुट्टी झाल्यावर मी बसमध्ये चढले. मागची सीट रिकामी होती, तरी मी दाराजवळच उभी राहिले आणि अमरोलीतलं विजेचं दुकान बंद तर झालं नसेल ना, म्हणून दर सिग्नलला बाहेर वाकून बघत राहिले.