लांबच्या टोकाची तार

अण्णांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानंच प्यायचे, आणि कप खाली ठेवला की त्याच्या कानात तारेचा तुकडा अडकवून वेटोळी घालायचे. उमरग्यात हायवेच्या कडेला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, शेजारी माझं रेडिओ दुरुस्तीचं. विहिरीवरची जळालेली मोटर अण्णांनी भरून दिली की दोन उन्हाळे तिच्याकडे बघायला नको.

मग दुष्काळ पडला. विहिरीच आटल्या, तर मोटर जळणार कशी? गिऱ्हाईक येईना आणि अण्णांचे हात स्वस्थ राहीनात. माझ्याकडून मोडक्या टेपरेकॉर्डरच्या मोटरी नेल्या, पत्र्याच्या पट्ट्या कापून रूळ केले आणि दुकानाच्या फरशीवर दोन गाड्यांची रेल्वे मांडली. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळं ट्रकचे क्लीनरसुद्धा आत डोकावून जायचे. ट्रान्सफॉर्मर अर्थातच अण्णांनी स्वतः गुंडाळलेला.

त्यांचे मेहुणे सोलापूरला एका वर्कशॉपात होते. त्यांनी अण्णांसाठी जागा धरून ठेवली होती, निरोपावर निरोप येत होते. वहिनींनी मनातल्या मनात बिऱ्हाड केव्हाच बांधलं होतं. अण्णा म्हणाले, "दोनी गाड्या एकदम धावू द्या, त्या दिवशी निघू. काम अर्धं टाकून म्या कुठं जात न्हाय."

एक गाडी झकास पळायची. दुसरी सोडली की भिंतीकडच्या वळणावर दोन्ही धापा टाकत थांबायच्या. "लोड झेपंना," म्हणत अण्णा ट्रान्सफॉर्मर उघडायचे, पुन्हा गुंडाळायचे, येरझाऱ्या घालायचे. त्या येरझाऱ्यांनी मलाही काम सुचेना. शेवटी मेहुण्यांनी कळवलं, सोमवारी या, नाहीतर दुसरा माणूस घेतील.

मला राग यायचा. कारण शेतकऱ्यांना हेच अण्णा बजावत, "वीज लांब जाता जाता दमते. टोकाला जाड तार न्या, नुसती मोटर बदलून काय व्हतंय?" आणि स्वतःच्या रुळांना विजेचा जोड एकाच जागी, ट्रान्सफॉर्मरपाशी! एकदा बोललोच, "अण्णा, वळणाला वेगळी तार का टाकत नाही तुम्ही?"

"बघू की," म्हणाले, आणि बाहेर जाऊन आभाळाकडं बघत उभे राहिले. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पाऊस पडेल, विहिरी भरतील, मोटरी जळतील, याची हा माणूस वाट बघत होता. त्याला जायचंच नव्हतं.

रविवारी वहिनी दुकानात आल्या. लग्नापासून वाइंडिंगची तार अण्णांना त्याच धरून द्यायच्या. त्यांनी जाड तार घेतली, टोकं पात्यानं खरवडली आणि ट्रान्सफॉर्मरपासून थेट वळणापर्यंत नेऊन जोडली. अण्णा हातभर अंतरावर होते, पण अडवलं नाही. वहिनींनी बटण दाबलं. दोन्ही गाड्या वळण ओलांडून गेल्या, फिरून आल्या, पुन्हा गेल्या.

"अवं, झालं की तुमचं काम," वहिनी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. जाणं त्यांनाही जड होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"भाऊ, तुमी बंद करा," अण्णा मला म्हणाले. "माझ्यानं व्हणार न्हाय."

मी बटणापाशी गेलो. आता अडा, निदान एकदा तरी अडा, असं मनात म्हणत राहिलो. गाड्या गुमान फिरत होत्या. शेवटी मीच बटण बंद केलं, आणि सोमवारी पहिल्या एसटीनं ते दोघं गेले.