चेहऱ्यांची पट्टी

माझा स्वभाव मुळातच घायकुता. चहा उकळेपर्यंतसुद्धा मला धीर नसतो. त्यामुळे सिडकोतल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाची वाटणी आपोआप झाली. आमचे हे कॉम्प्युटरवर बसून निवांत डिझाइन करतात आणि मशीन मी चालवते.

मशीनचं गणित सोपं आहे. शाई सोडणारं हेड फ्लेक्सवरून इकडून तिकडे फिरतं. एका जागेवरून ते दोनदाच फिरवलं तर काम झटक्यात होतं, पण शाई विरळ बसते आणि जवळून पाहिलं की बारीक बारीक पट्टे दिसतात. आठदा फिरवलं तर चित्र सुरेख येतं, पण तोवर गिऱ्हाईक डोकं खातं. यालाच आम्ही दोन पास आणि आठ पास म्हणतो. मी कायम दोन पासवाली. वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात खांबावर लागतो, खालून माणूस मोटारसायकलवरून जातो, त्याला कसले डोंबलाचे पट्टे दिसतायत? हे कधी म्हणाले की जरा सावकाश घे, तर माझं उत्तर ठरलेलं असायचं. चार दिवसांनी हा फ्लेक्स कुणाच्या तरी कांद्यावर झाकायला जाणार आहे, कशाला जीव आटवायचा?

अशात एकदा सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतले एक सर आले. शाळेत वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्याच दिवशी निवृत्त होणार होत्या. दहा बाय आठचा फ्लेक्स होता. वर ठळक अक्षरांत 'सेवापूर्ती सोहळा', मध्ये मावशींचा मोठा फोटो, आणि खाली रांगेनं त्यांच्या हातचं जेवून मोठ्या झालेल्या शंभरेक पोरांचे लहानपणीचे चेहरे, प्रत्येकाखाली नाव. सरांनी ते फोटो शाळेच्या जुन्या कागदांतून कुठून कुठून जमवले होते. कार्यक्रम चार वाजता होता आणि बाहेर जीप उभी होती.

"अर्ध्या तासात देते," मी म्हटलं, आणि दिलाही. सरांनी फ्लेक्स जमिनीवर पसरला. मावशींच्या फोटोकडे बघून मान हलवली आणि मग खाली उकिडवे बसून चेहरे बघायला लागले. मीही वाकून पाहिलं. प्रत्येक चेहऱ्यातून पट्टे गेले होते. एका पोराचे तर दोन्ही डोळे मिळून एक रेघ झाली होती.

"ताई, हे ओळखू येत नाहीत," सर म्हणाले.

"लांबून बघा ना. स्टेजच्या मागे लागणार तो. आणि नावं आहेत की खाली."

"मावशींना वाचता येत नाही. नावं आपण आपल्यासाठी टाकलीत. त्या चेहऱ्यावरूनच ओळखणार. कार्यक्रम झाला की त्या पाड्यावर जाणार, मग पुन्हा कधी सगळी पोरं दिसायची त्यांना?"

मी भडकलेच. "मग आधी सांगायला काय झालं होतं?" सर गरीब माणसासारखे उभे राहिले. शांत माणसावर ओरडलं की ओरडणाऱ्यालाच कसंतरी होतं. चूक माझी होती, ते मला कळत होतं.

सगळा फ्लेक्स आठ पासवर घ्यायचा तर दीड तास लागला असता आणि जीपवाला तेवढा थांबणार नव्हता. तेवढ्यात हे कॉम्प्युटरवरूनच म्हणाले, "वरचं ठीकच आहे की. खालची पट्टी तेवढी सावकाश घे आणि जोड." एरवी मी यांचं सहजासहजी ऐकत नाही. त्या दिवशी मुकाट्यानं कटर घेतलं आणि चेहऱ्यांचा भाग कापून बाजूला टाकला.

पट्टी आठ पासवर लावली आणि पहिल्यांदाच मशीनसमोर स्टूल घेऊन बसले. हेड जात होतं, येत होतं. हळूहळू एकेकाचे डोळे उमटले. मग एकीच्या कानातली बाळी, एकाचा पडलेला दात. इतक्या वर्षांत हजारो माणसं छापली, पण एकाकडेही अशी बघत बसले नव्हते. जीपवाल्याचे सरांना सारखे फोन. शेवटी मीच बाहेर जाऊन त्याला चहा दिला आणि वर दटावलंसुद्धा.

पट्टी आली तशी सोल्युशन लावून वरच्या भागाला चिकटवली. घाईत जोड जरा जाडच झाला. "दिसतोय हो, सर." "दिसू द्या," म्हणाले आणि गुंडाळी खांद्यावर टाकून गेले.

पावसाळा संपल्यावर सर दुसऱ्या कामासाठी पुन्हा आले. मी आधी तेच विचारलं, मावशींनी पोरं ओळखली का?

"सगळी. भाषणं राहिली बाजूला. एकेकावर बोट ठेवून सांगत होत्या, हा वांगं खायचा नाही, ही रात्री घरच्या आठवणीनं रडायची, हिला भाताची खरवड लागायची." मग त्यांनी मोबाईल काढला. मावशींच्या घरी गेले होते, तिथला फोटो होता. कुडाच्या भिंतीवर नुसतीच चेहऱ्यांची पट्टी लावलेली होती.

"आणि वरचा भाग?"

सर ओशाळले. "तो सरपणावर घातलाय. लाकडं छान कोरडी राहिली म्हणाल्या. म्हटलं, मावशी, तुमचा फोटो होता त्यावर. तर म्हणाल्या, माझं तोंड मी काय बघत बसू?"

मी फोटो मोठा करून पाहिला. मावशींनी बरोब्बर माझ्या जोडावरून कापलं होतं. दोन पासवालं लाकडांवर, आठ पासवालं घरात. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

हे मागून डोकावत होते. आता बोलतील, म्हणून मी वाटच बघत होते, पण ते पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. मीच सरांना विचारलं, "हा नवा फ्लेक्स जवळून कोण बघणार आहे?" आणि स्टूल पुढे ओढलं.