घरी कोणी येत नाही, असा जबाब

सत्तरच्या दशकात मी भोकरदन तालुक्यातल्या एका गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. जालना तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही औरंगाबादेतच मोडायचो. गावाचं नाव सांगत नाही. हसनाबादहून एस.टी. यायची. तिच्यातून उतरलं की समोरच दवाखाना, आणि दवाखान्याच्या मागं डॉक्टरचं क्वार्टर. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. तिथं मी एकटी राहत होते.

दवाखान्यात दिवसभर माणसं असायची. ताप, जुलाब, विंचू चावलेले, अडलेल्या बाळंतिणी. सगळे माझ्याशी नीट बोलायचे. पण दवाखाना बंद झाला की ते आपल्या वाटेनं जायचे आणि मी माझ्या. कंपाउंडर हसनाबादचे, ते शेवटच्या गाडीनं परत जायचे. सिस्टर आपल्या नवऱ्यामुलांत. मी मागचं कुलूप काढून आत गेले की सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसायचं. रेडिओ लावायचे, दोन भाकरी टाकायचे. भाजीत मीठ कमी पडलं तर तशीच खायचे. पुन्हा उठून मीठ घालायचाही कंटाळा यायचा.

आमचं घर अंबडचं. वडील तिथल्या कोर्टात चपराशी होते. मी शाळेत असताना आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. या गावात मी रुजू झाले आणि आडनावावरून आठवड्याच्या आत गावाला सगळं कळलं. कोणी काही बोललं नाही. माझ्या हातून गोळ्या घ्यायचे, सुई टोचून घ्यायचे, लेकरं माझ्या मांडीवर द्यायचे. घरी मात्र कोणी यायचं नाही. मी कधी कारण विचारलं नाही.

एका सकाळी मी एका बाईच्या हातावरचं गळू कापत होते, तेव्हा पोस्टमननं लांब पाकीट आणून दिलं. आत इन्कमटॅक्सची नोटीस होती, इंग्रजीत. तिच्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, राहत्या घरी केलेल्या खासगी प्रॅक्टिसचं उत्पन्न मी दाखवलेलं नाही. दुसरी, पत्नी आणि दोन मुलगे यांच्या विम्याच्या हप्त्यांबद्दल मी जी वजावट घेतली आहे, तिचा पुरावा जोडलेला नाही.

‘पत्नी’ हा शब्द मी परत परत वाचला.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये नोटीस पुन्हा उघडली. कागदावरच्या माझ्या घरी रोज संध्याकाळी पडवीत पेशंट बसलेले होते. आत बायको स्वयंपाक करत होती, दोन पोरं अभ्यास करत होती. मला हसू आलं. हे कोणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि सांगायला कोणी नव्हतं, तेव्हा हसू गेलं.

रविवारी अंबडला गेले. वडिलांनी चष्मा लावून नोटीस उलटीसुलटी पाहिली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण सरकारी कागद त्यांना नवा नव्हता.

“घाबरू नको, बाई,” ते म्हणाले. “चूक त्यांची हाये. आपण लेखी उत्तर द्यायचं. आन पोच घ्यायची. पोच घेतल्याबिगर कागद कोणाच्या हातात देऊ नको.”

मी त्यांच्या बाजेवर बसून कच्चं उत्तर लिहायला घेतलं. विम्याचं सोपं होतं: मी अविवाहित आहे, मला पत्नी नाही, मुलं नाहीत, अशी वजावट मी कधी मागितलेली नाही. प्रॅक्टिसच्या मुद्द्यापाशी पेन थांबलं.

“काय लिहू, बाबा? घरी कोणीच येत नाही, असं लिहू?”

“पेशंट येत न्हाई म्हण.”

“पेशंटच काय, कोणीच येत नाही.”

मी हे इतक्या सहज बोलून गेले, की बोलल्यावर माझ्या लक्षात आलं. घरी मी नेहमी सांगायचे, गाव चांगलं आहे, बायका येतात, बसतात, वेळ जातो. चुलीपुढं आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

“बिलकुल कोणी न्हाई?” वडिलांनी विचारलं.

“न्हाई.”

त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. मग म्हणाले, “मंग तसंच लिही. खरं हाये ते लिही.” त्या दिवशी आईनं मला निघताना लोणच्याची बरणी दिली, चटणी दिली, धपाटे बांधून दिले.

उत्तर रजिस्टर पोस्टानं पाठवलं. महिनाभरानं दुसरी नोटीस आली. तिच्यात तेच, आणि वर हेही, की पहिल्या नोटिशीला आपण उत्तर दिलेलं नाही. मग मी रजा टाकली आणि रजिस्टरची पोच घेऊन इन्कमटॅक्सच्या कचेरीत गेले.

बाकावर बराच वेळ बसल्यावर साहेबांनी आत बोलावलं. त्यांनी फाइल पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फाइल पाहिली.

“डॉक्टर तुम्ही?”

“हो.”

“म्हणजे तुमचे मिस्टर नाहीत डॉक्टर?”

“मला मिस्टर नाहीत. आणि मिसेसही नाहीत.”

शेजारचा कारकून हसला. साहेबही हसले. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि पत्नी आणि दोन मुलगे यांच्यावरून रेघ ओढली. “ही चूक झाली आमच्याकडून. हे गेलं. पण प्रॅक्टिसचं काय?”

“मी प्रॅक्टिस करत नाही.”

“बाई, खेड्यातला डॉक्टर आणि संध्याकाळी घरी पेशंट बघत नाही? असा डॉक्टर मी तरी पाहिला नाही. आमच्याकडं माहिती आहे, त्या क्वार्टरवर रोज गर्दी असते.”

“माझ्या घरी कोणी येत नाही, साहेब.”

“हे तुम्ही म्हणता. बघू. आमचे निरीक्षक येऊन चौकशी करतील.”

निरीक्षक आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. पन्नाशीकडं झुकलेले, अंगानं बारीक, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पोलीस पाटलांना बोलावलं आणि गावातले चार जण दवाखान्याच्या पडवीत जमवले. मला सही करावी लागणार होती, म्हणून खुर्ची टाकून मलाही बाजूला बसवलं. ते चौघे माझ्या ओळखीचेच होते. एकाच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं. एक म्हातारे दर आठवड्याला दम्याची गोळी न्यायला यायचे.

“डॉक्टरच्या घरी औषधाला जाता का?” निरीक्षकांनी विचारलं.

“जात होतो की,” म्हातारे चटकन म्हणाले. “रोज जात होतो. मी काय, सगळं गाव जायचं. पडवीत बसायला जागा पुरत नव्हती.”

निरीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. पोलीस पाटील घाईनं मध्ये पडले. “साहेब, ते पहिल्या डॉक्टरकडं. बाईच्या आधी जे होते त्यांच्याकडं. त्यांची मंडळी, दोन पोरं, सगळे हितंच राहायचे. आम्ही चहाला बी गेल्तो कैकदा.”

चूक कुठं झाली ते तिथं उघड झालं. आधीच्या डॉक्टरांचे कागद माझ्या नावाच्या फाइलीत लागले होते. पत्ता तोच, हुद्दा तोच. निरीक्षकांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

“बरं, ते आधीचे. आता या बाईंच्या घरी कोण जातं?”

चौघांनी पोलीस पाटलांकडं पाहिलं.

“विचारतोय मी. औषधाला, सुईला, कोणी जातं का?”

“न्हाई, साहेब,” ज्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं, तो म्हणाला.

“कधीच नाही? रात्री कोणाला बरं नसलं तर?”

“दारात उभं राहून हाक मारतो. बाई दवाखाना उघडतात. घरात न्हाई जात कोणी.”

“का बरं? आधीच्यांकडं तर चहाला जात होता.”

पोलीस पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “बाई लई चांगल्या हायेत, साहेब. दवाखान्यात बराबर बघतात. कोणाला नावं ठेवायला जागा न्हाई. पण घरी म्हंजे... आता तुम्हाला काय सांगावं.”

निरीक्षकांनी पुढं विचारलं नाही. त्यांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: सदर डॉक्टर यांचे राहते घरी कोणीही येत-जात नाही. एकेकानं सही केली, म्हाताऱ्यांनी अंगठा दिला. शेवटी माझी सही. त्या सगळ्यांनी माझ्या बाजूनं साक्ष दिली होती. मी त्यांचे आभार मानायला हवे होते, आणि मी मानलेही.

निरीक्षकांची गाडी संध्याकाळी होती. ऊन फार होतं. मी म्हटलं, “चहा घ्याल का? क्वार्टर मागंच आहे.” ते लगेच उठले. गावच्या माणसांच्या देखत ते माझ्यामागून चालत आले, दारात चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

चहा उकळला तेव्हा मला आठवलं, घरात कपबशी एकच आहे. मी त्यांना कपात दिला आणि स्वतः पेल्यात घेतला. त्यांनी ते पाहिलं असावं. चहा फुंकत फुंकत ते स्वतःचं सांगत राहिले. त्यांचं बिऱ्हाड नांदेडला, ते इकडं एकटे, खानावळीत जेवतात, थोरल्या मुलीला स्थळ बघून राह्यलो म्हणाले. मी ऐकत होते. माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज घुमतो तो कसा, हे मला माहीतच नव्हतं.

उठताना ते म्हणाले, “मी रिपोर्टात कारण लिहिलं नाही, बाई. येत नाहीत, एवढंच लिहिलंय.”

“कारण तुम्हाला कुठं कोणी सांगितलं?”

“न सांगता कळतं की.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “तुमचं काम होईल. काळजी करू नका.”

काम झालं. पावसाळ्यात पत्र आलं, दोन्ही मुद्दे रद्द केल्याचं. ते मी वडिलांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी ते जपून ट्रंकेत ठेवलं.

गावात मात्र चौकशीचा वेगळाच अर्थ निघाला. बाईच्या घरी कोणी गेलं तर सरकार बाईवर केस करतं, असं लोकांनी धरलं. त्याआधी बाया निदान फाटकापाशी दोन शब्द बोलायच्या, आता त्याही लांबून जायला लागल्या. एकदा दम्याचे म्हातारे पिशवीभर गवारीच्या शेंगा घेऊन आले. फाटकाला पिशवी अडकवली आणि तिथूनच ओरडले, “बाई, शेंगा ठेवल्या हो!”

मी बाहेर आले. “या ना आत. बसा थोडं.”

“नको, नको. कोणी बघितलं तर तुमच्यावर येईल.”

“केस मिटली, बाबा. पत्र आलंय मला.”

“तरी बी उगी कशाला,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. असं माझ्यासाठी त्या गावात कोणाला वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्यांना आग्रह केला नाही. ते गेल्यावर पायरीवर बसून शेंगा मोडत राहिले.

पुढच्या वर्षी माझी बदली अंबडजवळ झाली. घरी राहून नोकरी करता येत होती. पहिल्याच रविवारी आईनं आळीतल्या बायकांना मुद्दाम बोलावलं. घर भरून गेलं. त्या एकमेकींच्या वर बोलत होत्या, हसत होत्या, मला काहीबाही विचारत होत्या. मी एकेका शब्दात उत्तर द्यायचे आणि मग पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही. थोड्या वेळानं मी उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. आई दोनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा ती आली ती नुसती माझ्याशेजारी उभी राहिली.