सुतळीची सुटी

वेताच्या खुर्च्या विणून देणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळी गल्ली खुर्चीवालाच म्हणायची. तोंडाचा पट्टा असा, की खुर्ची न्यायला आलेलं गिऱ्हाईक तिच्यावरच तासभर अडकून पडायचं. मग आतून बायको म्हणायची, "अहो, बस करा. त्यांनाही घरदार आहे."

त्याची कुत्री सुतळी. नाव सुतळी, अंग पोत्याएवढं. तिला त्याने एकच शब्द शिकवला होता: बस. त्याच्या धंद्यात दुसरा शब्द लागतो कुठे? नवी वीण झाली की तो म्हणायचा, "बसा, बसून बघा." गिऱ्हाईक बसायचं, शेजारी सुतळीही बसायची. आतून 'बस करा' आलं, तरी बसायची.

"या घरात ऐकणारी ही एकटीच," खुर्चीवाला सांगायचा.

"ऐकते माझं," बायको म्हणायची, "आणि मिशांना पीळ देता तुम्ही."

पुढे बायकोने अंथरूण धरलं. तो वाटीत पाव दुधात कुस्करून भरवायचा. दोन चमचे झाले की ती हळूच म्हणायची, "बस." सुतळी लगेच पलंगापाशी बसायची.

"तू बस म्हणतेस, ती बसते. मी तुला ऊठ म्हणतो, तू का गं उठत नाहीस?"

ती हसायची. मग हसणंही कमी कमी होत गेलं, आणि एका सकाळी, दुसऱ्या चमच्यानंतर, बस म्हणाली आणि गेली.

चार दिवस झाले तरी सुतळी रिकाम्या पलंगापाशी बसलेली. अन्नाला तोंड लावेना. डुलकी लागली तर दचकून पुन्हा ताठ बसायची. खुर्चीवाल्याने ऊठ म्हटलं, चल म्हटलं, ये गं बाई म्हटलं. शिकवलंच नव्हतं, तर कळणार कसं?

जनावरांची डॉक्टरीण आली, सुतळीला तपासलं आणि तिथेच खाली बसली. "दुखणं नाही, काका. पण खाल्लं नाही तर हातची जाईल. हिला बसवता कसं?"

"बस म्हणून."

"आणि उठवता?"

"उठायची की आपली आपण."

"बस म्हटलं की सुटीही सांगावी लागते, काका. तिच्या लेखी ते बस अजून चालूच आहे. एरवी कशाने उठायची?"

तेव्हा त्याला आठवलं. गिऱ्हाईक उठलं की सुतळी उठायची. आणि बायको बस म्हणाली की तो चमचा वाटीत टाकायचा. खण्‌कन वाजायचं. उरलेलं सुतळीचं. त्या सकाळी मात्र चमचा त्याच्या हातातच राहिला होता.

त्याने पाव कुस्करला, पलंगावर टेकला. भरवायचं कोणाला? दोन चमचे स्वतःच गिळले. त्याच्याही पोटात चार दिवसांत धड काही नव्हतं. मग "बस" म्हणाला आणि चमचा वाटीत टाकला.

सुतळी उठली. वाटी चाटूनपुसून साफ केली आणि पलंगाकडे न बघता बाहेर, भिजत घातलेल्या वेतापाशी जाऊन आडवी झाली. डॉक्टरीण खूश झाली. खुर्चीवाल्याला वाटलं, कालपर्यंत या खोलीत निदान कुणीतरी वाट बघत होतं.

आता नवी वीण झाली की तो गिऱ्हाइकाला म्हणतो, "टेका जरा." गिऱ्हाईक टेकतं, उठतं, खुर्ची उचलून निघतं. आतून कोणी थांबवत नाही, तरी त्याचं बोलणं दोन वाक्यांत आटपतं.