बाबांची बादली आणि तांबडीचं वासरू

शनिवार आला की शेजारच्या वाडीत मुंबईचे पाहुणे उतरतात. तिथे आता चिकूच्या झाडांमध्ये राहायच्या खोल्या बांधल्यात. परवा त्यातले एक गृहस्थ सकाळी फिरायला निघाले, बरोबर सोनेरी केसांचा गलेलठ्ठ कुत्रा. पट्टा त्यांच्या खांद्यावर आणि कुत्रा आमच्या बांधावरून थेट गवतात! तिथे तो निवांत बसला, उरकलं आणि पाय झाडून निघाला. मालक मोबाईलमध्ये.

"अहो दादा, ते उचला आधी," मी गोठ्यातूनच ओरडले.

"शेतच आहे ना ताई? खत होईल."

माझं डोकंच फिरलं. "खत शेणाचं होतं. हे गवत दुपारी माझी गाय खाणार आहे. तुमच्या जेवणाच्या ताटात कुणी असं बसलं तर चालेल का तुम्हाला?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मी आत जाऊन एका कडीची पत्र्याची बादली आणि बोथट खुरपं आणून त्याच्या हातात दिलं. त्याने निमूटपणे उचललं, खरं सांगायला हवं. बादली परत घेताना मात्र मलाच गलबलून आलं, कारण ती बादली बाबांची.

बाबांना दोन गोष्टींचा अभिमान होता, वाडीचा आणि कुत्र्याचा. कुत्र्याचं नाव सांगत नाही, नाव घेतलं की अजून डोळे भरतात. उजाडलं की दोघं निघायचे. झाडांखालून, विहिरीवरून, शेजाऱ्यांच्या खाचरांच्या बांधाबांधाने. त्याच्या गळ्यात दोरी घाल म्हटलं की बाबा उखडायचे. "तो काय चोर आहे बांधून न्यायला?" थंडीत ते शहाणं जनावर गाईच्या गव्हाणीत, गवतावर वेटोळं करून झोपायचं. आम्हाला त्याचं कोण कौतुक!

आणि आईची होती तांबडी. आईचं माहेर तलासरीकडच्या पाड्यावर. तिच्या आईच्या गाईची ही नात. माहेरच्या घरातली माणसं पांगली, गोठा रिकामा झाला, तेव्हा मामाने हायवेवरून टेम्पोत घालून तांबडीला आमच्याकडे आणून सोडलं. त्या गोतातली ती शेवटची. आई तिच्याशी माहेरच्या बोलीत बोलायची. आमच्याशी बोलायची ती मराठी वेगळी आणि तांबडीशी बोलायची ती वेगळी. तो लाड आमच्या वाट्याला कधी आला नाही, हो!

तांबडी पहिल्यांदा व्याली तेव्हा गोऱ्हा झाला. मामाने तो नांगरासाठी नेला. सगळं छान झालं, घोळ झाला तो वारेचा. व्यालेल्या गाईची वार, म्हणजे वासरामागून पडणारं आवरण, आमच्याकडे फेकत नाहीत. चीक येणाऱ्या झाडाला उंच बांधतात, म्हणजे गाईला दूध भरपूर उतरतं. आईच्या माहेरी त्यासाठी पाड्याबाहेरचा वड ठरलेला होता. इथे वड लांब, ओढ्यापलीकडे. बाबांना कंटाळा आला. म्हणाले, "चिकूलाही चीक आहे की! वडाचंच काय सोनं लागून गेलंय?" आणि दारच्या चिकूच्या फांदीला गोणपाटात गुंडाळून वार बांधून मोकळे झाले.

आता चिकूच्या फांद्या त्या केवढ्या उंच? चिकू उभ्याने तोडता येतात इतक्या. सकाळी बघतो तर गोणपाट जमिनीवर आणि आमचे कुत्रेमहाराज मिशा चाटत बसलेले. बाबा पोट धरून हसले. "बाळंतिणीच्या आधी यालाच बाळंतविडा!" आम्हीही हसलो. आई तेवढी म्हणाली, "उंच बांधायचं असतं ते काही उगाच नाही." पण का ते तिलाही सांगता येईना, म्हणून तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

पुढच्या वेळी तांबडीने पाचव्या महिन्यात गाभ टाकला. दृष्ट लागली म्हणून आईने मीठ-मिरच्या उतरवल्या. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्या दिवशी आई गोठ्यातच बसून राहिली, जेवायला उठेना. बाबांनी दोनतीन दिवस जाऊ दिले आणि मग म्हणाले, "अगं, आता एकदाच बघू. या खेपेला राहिलं नाही तर देऊन टाकू तिला. नुसती बांधून किती दिवस पोसायची?"

आई चूल पेटवायला गेली आणि ओलं लाकूड नसतानाही बराच वेळ डोळे पुसत राहिली. माहेरचं म्हणून तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

तांबडी पुन्हा गाभण राहिली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रक्त काढून तपासायला पाठवलं आणि गोठाभर नजर फिरवली. गव्हाणीत कुत्रा मजेत झोपलेला. त्यांनी विचारलं, "हा वार खातो का? पडलेला गाभ खाल्ला होता का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं.

पुढच्या फेरीला त्यांनी सगळं समजावलं. वारेतून, पडलेल्या गाभातून, कच्च्या मांसातून एक बारीक जंतू कुत्र्याच्या पोटात जातो. कुत्र्याला काही होत नाही, तो हुंदडत असतो. पण त्याच्या विष्ठेतून तो गवतावर, पाण्यात, गव्हाणीत उतरतो. गाईने ते खाल्लं की गाभ पडू शकतो. "तुमच्या कुत्र्यानेच केलं असं छातीठोकपणे मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या रक्तात खूण सापडली एवढं खरं. यावर औषध नाही. नवीन भर पडू देऊ नका, एवढंच तुमच्या हातात आहे. फिरवायचा तर दोरीने बांधून फिरवा, गव्हाणीजवळ फिरकू देऊ नका, आणि त्याने जिथे घाण केली असेल तिथली लगेच उचला. शेजाऱ्यांच्या म्हशीही याच बांधांवरचं गवत खातात."

"उचलू? मी?" बाबा ताडकन उठले. "कुत्र्याची घाण? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"मग कुत्रा देऊन टाका कुणाला," आई चुलीपासून म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज बाबांच्या आवाजावर चढला. "माझी गाय देऊन टाकायची तर तुमचा कुत्राही जाऊ दे!"

कुत्रा बाबांच्या पायाशी येऊन बसला. त्याला काय कळणार होतं, कपाळ!

दुसऱ्या दिवशी बाबा उठले, चिकू वाहायची दोरी त्याच्या गळ्यात अडकवली आणि न्हाणीघरातली जुनी बादली उचलून निघाले. वाडीच्या टोकाला कुत्रा बसला की बाबा चारी बाजूंना बघायचे, खुरप्याने पटकन बादलीत घ्यायचे आणि गवत नसलेल्या कोपऱ्यात खोल खड्ड्यात पुरायचे. पण गावात काही लपतं का? चिकू न्यायला येणारा गुजराती व्यापारी टेम्पोतून ओरडला, "शुं काका, आज चिकू वेचायला तुम्हीच?" अख्खा रस्ता हसला. पुढे कित्येक दिवस ज्याला त्याला तेवढंच सुचायचं. बाबा कडेलोट होईपर्यंत ऐकायचे आणि मग खेकसायचे, "हो, तुलाच पाठवतो पेटी!" पण एक दिवसही फेरी चुकली नाही. स्वतः तापाने पडले तेव्हा मला बादली घेऊन पाठवलं आणि परत आल्यावर बादलीत डोकावून खात्री केली. गव्हाणीपुढे त्यांनी बांबूचं फाटक केलं. कुत्र्याला कच्चं मटण बंद झालं. शेजाऱ्यांनाही त्यांनी बांधावर उभं राहून सगळं समजावलं, तेही डॉक्टरीणबाईंच्या थाटात हात हलवत. आई पदराआड हसायची.

पाचवा महिना आला. आई रोज तांबडीच्या पोटावर हात ठेवून उभी राहायची, आणि बाबा लांबून बघायचे, विचारायचे मात्र नाहीत. पाचवा गेला, सहावा गेला. दिवस भरत आले तसे बाबाच जास्त घाबरले.

तांबडी सकाळी व्याली, लख्ख उन्हात. तांबडीच कालवड, कपाळावर पांढरा टिळा. ती धडपडत उभी राहिली तेव्हा आई मोठ्याने रडली आणि बाबा तिला, "अगं रडतेस काय वेडे, कालवड आहे कालवड!" म्हणत स्वतः नाक शिंकरत होते. कुत्रा लांब बांधलेला, तिथून भुंकून भुंकून बेजार. मग बाबांनी वार गोणपाटात बांधली, ओढा ओलांडला आणि त्या वयात वडावर चढून सगळ्यात उंच फांदीला लटकवली. खाली उतरताना धोतर फाटलं, तरी स्वारी खूश.

आईने चिकाचा खरवस केला. पहिली वाटी देवापुढे ठेवली. दुसरी वाटी गार करून कुत्र्यासमोर ठेवली. बाबा बघतच राहिले. "आणि मी?"

"तुम्ही तिसरे," आई म्हणाली. "त्याने दोरी मान्य केली म्हणून तो आधी." बाबांनी तिसरी वाटी चाटूनपुसून खाल्ली. पुढे तांबडी आणि तिच्या लेकी जेव्हा जेव्हा व्याल्या तेव्हा हाच क्रम राहिला, आणि बाबा दर वेळी तक्रार करून तिसरी वाटी मिटक्या मारत खायचे.

आता कुत्रा नाही, तांबडी नाही, बाबाही नाहीत. आईला एकटीला जमत नाही, आणि माझं सासर इथे जवळच, डहाणूत, म्हणून मी निम्मी इथेच असते. त्या कुत्र्याच्याच वंशातला एक माझ्या मागे असतो. सकाळी त्याच्या गळ्यात दोरी आणि माझ्या हातात तीच बादली. चिकू वेचता का म्हणून मलाही विचारतात, आणि मीही खेकसते.

परवाच तांबडीची नात व्याली. आईने खरवस केला. एक वाटी देवाला, एक कुत्र्याला. तिसरी भरली आणि तिचा हात तिथेच थांबला. बराच वेळ ती दाराकडे बघत होती. मग तिने वाटी माझ्याकडे सरकवली.

"घे," ती म्हणाली. "आता तू उचलतेस ना."