टेकू मंडळाचं न झालेलं नाटक

आमच्या घरातला जाहिरात विभाग मी सांभाळत होतो. होतो म्हणजे, एका शनिवारच्या संध्याकाळपर्यंत.

संस्था माझ्या बायकोची, रंजनाची. नाव 'टेकू मंडळ'. माझे सासरे कंबर मोडून पडले तेव्हा नागपूरहून वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी असं सगळं आणलं होतं. ते गेले आणि सामान राहिलं. रंजनाने आणखी चार घरांत असंच पडून असलेलं सामान गोळा केलं, पंचायतीची एक रिकामी खोली मागून घेतली आणि बाहेर पाटी लावली, की गरज असेल त्याने न्यावं, बरं वाटल्यावर परत आणावं, पैसे नाहीत. वर्ष झालं, एक माणूस फिरकला नाही. (एक आला होता. त्याला सायकलमध्ये हवा भरायचा पंप हवा होता.)

मग सरपंचबाई घरी आल्या. "रंजनाताई, खोली तं कुलपातच राहते. पोट्टे जिमसाठी मांगून राहिले. सोमवारच्या मीटिंगमधी मी विषय घेऊन राहिली."

त्यानंतर रंजना दोन दिवस धड जेवली नाही. खोली गेली की सामान अंगणात येणार, आणि वडिलांची खुर्ची तिच्या डोळ्यांदेखत गंजणार. मला ते बघवेना. शिवाय मी अठरा वर्षं धानाचं बियाणं विकलं आहे. सौंदडच्या आसपास असा एक बांध नाही ज्यावर उभं राहून मी भाषण केलं नाही.

"लोक येत नाहीत, कारण तू सगळं सांगून टाकतेस," मी म्हणालो. "मार्केटिंगमध्ये सांगायचं नसतं. उत्सुकता लावायची असते."

"सांगतलंच नाई तं लोक येतीन काऊन?"

"तेच तर!" (या उत्तराचा अर्थ मला आजही सांगता येणार नाही.)

दिवाळी होऊन मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागले होते. आमच्या झाडीपट्टीत या दिवसांत गावोगाव नाटकं होतात आणि भोंगा लावलेली गाडी त्यांची जाहिरात करत फिरते. त्या गाडीवाल्या परसरामला मी गाठलं आणि माझा मजकूर त्याच्या हाती दिला: "सासू पडली, सून रडली! शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, पंचायतीच्या पटांगणात! डोळ्यांत पाणी आणणारं! सासू शेवटी उभी राहते का? सहकुटुंब या! प्रवेश मोफत!"

परसराम मूळचा गोंदिया शहरातला. त्याने कागद दोनदा वाचला. "भाऊ, मस्त लिखा है. पर ये है क्या?"

"ते सांगायचं नाही."

"मतलब सस्पेन्स?"

"सस्पेन्स."

"तो फिर टेन्शन मत लो."

त्याने अजिबात टेन्शन घेतलं नाही. मागे पेटी लावली, सासू पडते तिथे विजेचा कडकडाट लावला आणि तीन गावांऐवजी सात गावं फिरला. माझा जन्म याच भागातला. लहानपणी पोतं घेऊन नाटकाला जागा धरायला मी स्वतः धावलो आहे. तरीही त्या आवाजात, त्या गाडीवरून, त्या दिवसांत असं काही ऐकलं की माणसं काय समजतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी बियाण्याचा माणूस. पेरायचं आणि पुढच्या गावाला जायचं, उगवल्यावर बघायला थांबायची मला सवय नाही.

शनिवारी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरेना. खोलीत जाऊन खुर्च्या पुसल्या. चौकात जाऊन आलो. पुन्हा खुर्च्या पुसल्या. "बसा न जी एका जागी," रंजना म्हणाली, म्हणून बसलो, तर दारात रंजनाचे सालेकशाचे मामा उभे. बरोबर मामी, दोन सुना, चार चटया आणि घरच्या सगळ्यांच्या शाली.

"मामा, अचानक?"

"अचानक कायले? गावात नाटक, न आमाले निरोप नाई. थो भोंगा मोबाईलवर आला तवा समजलं. तुमीच बसवलं म्हणते, जवाई?"

गावात नाटक असलं की नातेवाइकांनी मुक्कामाला यायचं, ही आमच्याकडची रीत. बोलावणं नसलं तरी ते राग मानत नाहीत, फक्त येतात. दहा वाजता दवनीवाड्याहून माझी ताई आली, तीसुद्धा भाचीला पाहायला येणारे पाहुणे सोबत घेऊन. सोयरीक जुळवायला नाटकाच्या दिवसासारखा दिवस नाही. दुपारपर्यंत घरात बावीस माणसं झाली आणि मी दोन वेळा तांदूळ व एकदा कोंबडे आणायला धावलो.

रंजनाने मला चुलीपाशी बोलावलं. "कायचं नाटक जी?"

तिला मी फक्त सामान मांडायला सांगितलं होतं, आता जाहिरातीचा मजकूरही सांगितला. तिच्या हातातला पळा वर गेला आणि तिथेच थांबला, कारण पाहुणे बघत होते.

"आत्ताच्या आत्ता सांगून टाका त्यायले."

"जेवणं होऊ दे."

जेवणं झाली, तर मामा झोपले. झोपलेल्या माणसाला उठवून निराश करणं मला पटलं नाही.

चार वाजता पटांगणावर गेलो. चटईला चटई लागली होती. भज्यांची कढई तापली होती. पहिल्या रांगेत सरपंचबाई सगळ्या घरादारासह बसल्या होत्या. रंगमंचाच्या तख्तावर रंजनाने सामान मांडून ठेवलं होतं, त्याकडे बोट दाखवून एक बाई शेजारणीला सांगत होती, "पयला सीन दवाखान्याचा दिसते." मी खाली उतरलो, वर चढलो, पुन्हा खाली उतरलो. सहा वाजून गेले तशा शिट्ट्या सुरू झाल्या.

"भाऊ, पब्लिक गरम हो रही है," परसराम म्हणाला आणि माईक माझ्या हातात कोंबला.

"बंधुभगिनींनो," मी म्हणालो, "हे नाटक नाही."

टाळ्या! लोकांना वाटलं, सुरुवात झाली.

"खरंच नाटक नाही!"

आणखी टाळ्या. आता बोलून भागणार नव्हतं, करून दाखवणं भाग होतं. मी घाईघाईने मागची एक खुर्ची ओढली, "ही बघा, किती सोयीची" असं म्हणून ऐटीत बसलो, आणि कमरेपर्यंत आत गेलो. कमोडची खुर्ची होती. झाकण उघडं होतं. उठायला गेलो तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. तिला मागे ढकलायला एक पाऊल मागे टाकलं, तर तिथे तख्त नव्हतं.

पटांगण लोटपोट हसलं. माझा घोटा कडकन वाजला आणि माझ्याच भाचीच्या होणाऱ्या सासऱ्याने "वन्स मोअर!" अशी आरोळी दिली.

रंजना धावत आली. आधी तिने खुर्ची तपासली, मग मला. मग माईक घेऊन तख्तावर चढली.

"हा पडला थो माहा नवरा आहे," ती म्हणाली. "यानं तुमाले फसवून बलावलं. नाटक नाई आहे." हसू जरा ओसरलं. "माहा बाप आठ महिने खोलीत पडून होता. या चाकाच्या खुर्चीवर बसवून मी त्याले आंगणात आणलं, तं म्हणे, बाई, आंबा मोहरला न मले कोणी सांगतलंच नाई. हे सामान फुकट आहे. सोमवारी खोली जाते. कोणाच्या घरी कोणी पडून असन, तं आज घेऊन जा."

मला वाटलं, आता चपला येतील. मग मधल्या चटईवरून एक म्हातारी उठली.

"बाई, माहा बुढा दोन वर्सापासून खाटेवर आहे. दरसाल नाटकाले मी एकटीच येतो. हे खुर्ची नेली, तं त्याले आणता येईन का?"

"येईन न, आजी," रंजना म्हणाली आणि वडिलांची खुर्ची स्वतः ढकलत तिच्यापाशी घेऊन गेली. मी जमिनीवर बसून रडत होतो. लोक म्हणाले घोट्यामुळे, आणि मी तसंच म्हणू दिलं.

मग रांग लागली. अर्ध्या तासात तख्त रिकामं झालं. हवेची गादी मामांनी शेजाऱ्यासाठी उचलली. ताईच्या पाहुण्यांनी आजीसाठी वॉकर घेतला आणि जाताना मुलगीही पसंत असल्याचं सांगितलं.

सोमवारी सरपंचबाईंनी खोलीत डोकावून पाहिलं. "ताई, आता तं आत काईच नाई. खोली कायले पायजे?"

रंजनाने वही पुढे केली. सामान परत येण्याची वाट पाहणाऱ्यांची यादी दुसऱ्या पानावर गेली होती, आणि त्यात तिसरं नाव सरपंचबाईंच्या सासूबाईंचं होतं. खोली राहिली. जिमच्या पोरांना समाजमंदिराचा ओटा मिळाला. मी प्लास्टरचा पाय घेऊन वॉकर मागितला, तर माझा नंबर चौदावा लागला.

गुरुवारी शेजारच्या गावाच्या मंडईचे दोन जण आले. "ताई, आमाले तारीख पायजे. कार्यक्रम तसाच पायजे. तुमचं भाषण पायजे, आन थो खुर्चीत अडकून पडते, थो माणूस तं पायजेच."

अठरा वर्षांत माझ्या बियाण्याला कोणी असं घरी येऊन मागितलं नव्हतं. माझ्या पडण्याला आगाऊ बुकिंग होतं. रंजनाने माझ्या पायाकडे पाहिलं.

"प्लास्टर केवा निघते जी?"

"पंधरा दिवसांनी," मी जरा ताठ बसून म्हणालो.

"मंग त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख लिवा," ती पाहुण्यांना म्हणाली. "आन तख्त थोडं उंच बांधजा."