सांगलीला न विचारता सोन्याच्या नदीवर

चार मराठी माणसं परदेशात एका गाडीत बसली की पेट्रोल संपतं, किस्से संपत नाहीत. आमच्या क्लोनडॉकिनच्या ग्रुपकडे तर ढीग साचलाय. त्यातले हे २०११ च्या, विकलो या आयरिश डोंगराळ भागाच्या सहलीतले, सगळे सुलूमावशींचे.

मावशी म्हणजे ड्रोहेडाला डॉक्टर असलेल्या निखिलची आई. काका नुकतेच गेले होते, म्हणून त्याने त्यांना इकडे आणलं. पण सांगलीहून मोठ्या जाऊबाईंचा रोज फोन : हे नेसू नको, तिकडे जाऊ नको! सहलीचं कळल्यावर तर, "वर्षाच्या आत फिरायला जातात होय?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "अक्का, वर्षभर थांबले असते हो. पण व्हिसा तीनच महिन्यांचा आहे!"

*

आम्ही गेलो त्या खेड्यातल्या नदीत पूर्वी सोनं सापडलं होतं. गावकरी धावले, पण इंग्रज राजाचं सैन्य आलं आणि सगळ्यांना हुसकावलं. गाइड सांगत होता, मी मराठीत सांगत होते.

मावशी भडकल्या. "नदी यांची, आणि हुकूम लांबून?" साडी खोचून थेट पाण्यात!

"बूट तरी घाला!" गाइड ओरडला.

"सांग त्याला, पाय माझे आहेत."

"ग्रँड," म्हणजे इकडचं 'बरं बाई', म्हणत त्याने ताटल्या वाटल्या.

*

मग ताटलीत वाळू घोळवायची. हलकी वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. आमच्या ताटल्या कोरड्या ठणठणीत. मावशींचा हात मात्र तांदूळ रोळणारा! काय सुरेख घोळवलं! तळाशी काहीतरी चमकलं, आणि त्यांनी सवयीने तळ नदीत भिरकावला. जन्मभर तळाशी खडेच बघितलेले ना!

गाइडने डोकं धरलं.

"यांचं यांना परत दिलं, तर रडतोय कशाला?"

*

निघताना ग्रुप फोटो. तो फेसबुकवर पडणार आणि सांगलीत बघितला जाणार, हे सगळ्यांना माहीत. मावशींनी पर्समधून टिकली काढून लावली. काका गेल्यापासून पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की डोळेच भरले.

निखिल हळूच म्हणाला, "आई, सांगलीला काकू बघेल. फोटोपुरती काढतेस?"

मावशींनी काढली. असा संताप आला मला त्याचा!

मावशींनी टिकल्यांचं पाकीट चाळलं, त्यातली सगळ्यात मोठी, लालभडक टिकली कपाळावर दाबून बसवली.

"ती बारकी होती रे. सांगलीहून दिसायला नको व्हय?"